बावड्याचे घर आणि वेठीचा अंत

कोल्हापूरला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचे याचा क्रम आपल्याकडे ठरून गेलेला आहे. आधी अंबाबाईचे देऊळ, मग रंकाळा, मग नवा राजवाडा. आणि दिवस हाताशी उरला तर जोतिबा आणि पन्हाळा. नव्या राजवाड्यात पाहुणा घड्याळाचा मनोरा पाहतो, वस्तुसंग्रहालयातील शस्त्रे आणि शिकारीतील वाघ पाहतो, आणि शाहू महाराजांचे कोल्हापूर आपण पाहिले अशा समाधानाने परत जातो. शहराच्या उत्तरेला, कसबा बावड्याच्या वाटेवर आणखी एक घर आहे. तिकडे फार थोडे पाहुणे वळतात. आणि खरे सांगायचे तर आम्ही कोल्हापूरकरही वर्षातून एकदा, २६ जूनला, तेवढे वळतो. त्या घराचे नाव लक्ष्मीविलास. आज बोलायचे आहे ते त्या घराविषयी. परंतु त्याच्या भिंती आणि खांब यांविषयी थोडे, आणि त्या घरी जन्मलेल्या माणसाने जी एक जुनी गोष्ट मोडली तिच्याविषयी अधिक.

या घरात २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव आबासाहेब घाटगे, आई राधाबाई. जुन्या पुस्तकांतून जन्मतारीख २६ जुलै अशी छापलेली आढळते. पुढे कागदपत्रांची छाननी होऊन २६ जून ही तारीख मान्य झाली. मूल तीन वर्षांचे होण्याच्या आतच, १८७७ साली, आई गेली. १८८३ च्या डिसेंबरात कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला वारले आणि त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी या मुलाला दत्तक घेतले. यशवंतरावाचे शाहू झाले. दोन वर्षांनी वडीलही गेले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण होऊन २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांच्या हाती राज्यकारभार आला.

इथवरचे चरित्र आपणा सर्वांना शाळेपासून पाठ आहे. राधानगरीचे धरण, शाहूपुरीची पेठ, वसतिगृहे, १९०२ सालचा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा, १९१७ सालचे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, हेही आपण जाणतो. या सर्वांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु १९१८ ते १९२० या दोन-तीन वर्षांत महाराजांनी काढलेल्या काही हुकमांकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. ते हुकूम दिसायला रूक्ष आहेत. त्यांत वतन, सारा, रयतावा, हजेरी असले शब्द येतात. पण या रूक्ष शब्दांच्या आड एक गुलामगिरी उभी होती, आणि ती या हुकमांनी पाडली.

गुलामगिरी हा शब्द आम्ही जपून वापरतो आहोत. तो आमचा नव्हे. आपल्याकडे तो प्रथम ठामपणे उच्चारला महात्मा जोतीराव फुले यांनी. पुण्याच्या गंज पेठेतील आपल्या राहत्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहून ते अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त केले त्यांच्या स्मरणार्थ अर्पण केले. मुठा नदीच्या काठी बसलेल्या माणसाला मिसिसिपीच्या काठचे दुःख आपले वाटले, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच्या पुढच्याच वर्षी बावड्याच्या घरी शाहू महाराजांचा जन्म झाला.

जोतीरावांच्या मनात अमेरिकेतील ज्या माणसांविषयी आदर होता त्यांपैकी एका प्रकारच्या माणसाचे उदाहरण सांगतो. इलिनॉय राज्यात प्रिन्स्टन नावाचे एक लहान गाव आहे. तेथे ओवेन लव्हजॉय नावाचा पाद्री राहत असे. गुलामगिरीविरुद्ध वर्तमानपत्र चालवणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाला, एलिजाला, १८३७ साली जमावाने ठार केले होते. ओवेनने आपले घर दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना उघडे ठेवले. १८४३ साली दोन पळालेल्या स्त्रियांना आसरा दिल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. त्यातून तो सुटला. पुढे तो अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेला, आणि १८५९ साली भर सभागृहात उठून त्याने आपल्या घराचा ठावठिकाणा सांगितला आणि दाराशी येईल त्या प्रत्येक पळालेल्या माणसाला आपण मदत करतो असे बजावले. ते घर आज राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेले आहे. तिथे जाणारा माणूस सुतारकाम पाहायला जात नाही. या दारातून कोणाला आत घेतले, हे पाहायला जातो.

आपल्या बावड्याच्या घराला हाच प्रश्न विचारावयाचा आहे. मात्र त्याआधी आपल्याकडची गुलामगिरी कशी होती ते समजून घेतले पाहिजे. कारण ती अमेरिकेसारखी नव्हती.

वेठ म्हणजे काय?

संप झाला, एसटी बंद पडली, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो : ‘जनता वेठीस’. घरात मूल हट्टाला पेटले तर आई म्हणते, सगळ्या घराला वेठीस धरले आहे याने. मनाविरुद्ध, कसेबसे उरकलेल्या कामाला आपण वेठबिगारीचे काम म्हणतो. आणि आजही गवंड्याच्या हाताखाली विटा-वाळू वाहणाऱ्याला आपण बिगारी म्हणतो; त्याला रोज मिळतो, तरी नाव जुनेच राहिले. शब्द भाषेत मुरले आणि त्यांतली वेदना आपण विसरलो. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’ या शब्दाचा अपभ्रंश. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही विष्टि आहे. ‘बेगार’ हा फारसीतून आला. दोन्हींचा अर्थ एकच : ज्याचे दाम नाही आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असे काम.

गावगाड्यात हे काम ज्यांच्या माथी होते त्यांत महार हा प्रमुख. गावचा निरोप त्याने पोचवायचा, साऱ्याची रक्कम तालुक्याला न्यायची, सरकारी माणूस आला की त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून वाहायचे, त्याच्या घोड्याला वैरण आणि चुलीला सरपण आणायचे, मेलेले जनावर ओढायचे, मयताची बातमी परगावी सांगायची, शिवेच्या भांडणात हद्द दाखवायची. वेळ ठरलेली नाही, काम ठरलेले नाही. रात्री हाक आली तर रात्री, पेरणीच्या घाईत आली तर पेरणी टाकून. या मोबदल्यात त्याला दोन गोष्टी होत्या : बलुते म्हणून खळ्यावरचा धान्याचा वाटा, आणि वतन म्हणून थोडी इनाम जमीन. ही जमीन साऱ्या महारवाड्यात मिळून. पिढ्यागणिक घरे वाढली, जमीन तेवढीच राहिली. वाट्याला काही गुंठे येऊ लागले, पण नोकरी मात्र प्रत्येकाच्या मानेवर पुरीच राहिली.

काही जण म्हणतात, ही गुलामगिरी कशी? येथे माणसांचा बाजार भरत नव्हता, पायात बेड्या नव्हत्या, उलट जमीन होती. हे म्हणणे वरवर खरे दिसते. परंतु विचार करा. अमेरिकेतील गुलामाचा मालक एक असे. येथे सारा गाव मालक होता. एका मालकाला निदान ठाऊक असे की हा माणूस मेला तर आपले पैसे बुडाले. सारा गाव मालक असला की माणूस सर्वांच्या कामाचा, आणि त्याच्या भुकेची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. तेथील गुलाम रात्रीच्या अंधारात पळून उत्तरेकडे जाऊ शकत होता. तेथे लव्हजॉयसारख्याचे घर होते. येथील महार पळून जाणार कोठे? पुढच्या गावीही तीच चावडी, तोच पाटील आणि तीच जात. कोणाचे दुःख मोठे हे तराजूत घालण्यासाठी आम्ही हे बोलत नाही. बेडी लोखंडाचीच असते असे नाही, एवढेच दाखवायचे आहे. आमच्याकडे ती जमिनीच्या तुकड्याची होती. तो तुकडा टाकवत नव्हता, आणि तो हातात असेतो नाही म्हणवत नव्हते.

यातही मौज अशी की, ज्या १८७४ साली बावड्यात हा मुलगा जन्मला, त्याच साली मुंबई सरकारने वंशपरंपरागत वतनी नोकऱ्यांचा कायदा करून शेजारच्या इंग्रजी मुलखात ही व्यवस्था कायद्याच्या पुस्तकात पक्की बसवली. एकाच वर्षी बेडीही घडली आणि ती तोडणारा हातही जन्माला आला.

हुकूम आणि त्यांचा अर्थ

१९१८ साली महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील महार वतने खालसा करून त्या जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर रयताव्याने करून देण्याचा हुकूम काढला. रयतावा म्हणजे काय? इतर शेतकऱ्याप्रमाणे पुरा सारा भरायचा आणि जमिनीचे मालक व्हायचे. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, यात महारांचे काय भले झाले? जी जमीन नाममात्र साऱ्यावर होती तिला आता पुरा सारा आला! परंतु महाराजांनी मेख नेमकी ओळखली होती. इनामाची सवलत हीच वेठीची कडी होती. सवलत गेली तशी नोकरी गेली. सारा भरणाऱ्या माणसाला चावडीवरून हाक मारता येत नाही. मारली तर त्याला ‘येत नाही’ म्हणता येते. त्याच साली बलुत्याची सक्तीही गेली, आणि ब्राह्मण कुलकर्ण्यांचे वतन बंद होऊन पगारी तलाठी आले. पुढे या तलाठ्यांत महारही नेमले गेले. ज्याने दप्तर डोक्यावरून वाहायचे त्याने ते बसून लिहायचे, हा बदल केवढा आहे, हे ज्याने गावची चावडी पाहिली आहे त्यालाच कळेल.

दुसरा हुकूम हजेरीचा. १८७१ सालच्या इंग्रजी कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना पाटलासमोर रोज हजेरी द्यावी लागे. परगावी रात्र काढायची तर परवानगी पाहिजे. मुलीच्या सासरी मुक्काम करायचा तरी पाटलाचे तोंड पाहायचे. १९१८ साली महाराजांनी ही हजेरी बंद केली. आणि केवळ कागदावर बंद करून ते थांबले नाहीत. ज्या फासेपारध्यांना लोक चोर म्हणून हाकलीत, त्यांना त्यांनी शहराबाहेर सोनतळीच्या आपल्या कॅम्पजवळ घरे बांधून दिली आणि पहाऱ्यावर नेमले. चोर म्हणून ज्यांच्यावर पहारा होता तेच राजाचे पहारेकरी झाले. इंग्रजांचा तो कायदा मात्र देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ साली गेला.

१९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला. १९२० साली वेठबिगारीच बेकायदा ठरवण्यात आली, आणि त्याच वर्षी जोगतिणी आणि देवदासी यांच्याविषयीचा कायदाही झाला. देवाच्या नावाने मुलगी सोडणे ही पण एक वेठच होती. तिलाही कोणी विचारत नसे.

आता शेजारी काय झाले ते पाहा. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या त्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते पार पडले नाही. शेवटी कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली. कोल्हापुरात जे १९१८ साली झाले त्याला बाकीच्या महाराष्ट्रात चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. चाळीस वर्षे म्हणजे वेठीच्या आणखी दोन पिढ्या.

राजाला हे सुचले कसे?

हा प्रश्न आपण टाळू नये. जहागीरदार-सरदारांचे वाडे त्या काळी वेठीवरच चालत. अंगणातली झाडलोट, चुलीचे सरपण, पाहुण्यांचे ओझे, ही कामे कोण करी हे त्या घरातल्या मुलांना विचारावेसेही वाटत नसे, इतके ते अंगवळणी पडलेले. अशा घरात जन्मलेल्या माणसाला वेठ दिसावी कशी?

पुष्कळ लोक १८९९ च्या वेदोक्त प्रकरणाकडे बोट दाखवतात. पंचगंगेच्या घाटावर राजालाच शूद्र म्हणून पुराणोक्त मंत्र मिळाले. त्या अपमानाने महाराज जागे झाले, असे सांगतात. यात तथ्य आहे, पण आमच्या मते तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. अपमान पुष्कळांचे होतात. बहुतेक माणसे आपला अपमान भरून निघाला की शांत होतात; आपल्या खाली जो उभा आहे त्याच्याकडे वळून पाहत नाहीत. महाराजांनी वळून पाहिले. वरून मला जे मिळाले तेच मी खाली देतो आहे, हे ज्याच्या ध्यानात येते त्याचीच सुधारणा पुढे जाते.

याची साक्ष म्हणून गंगाराम कांबळे यांची हकीकत पुरेशी आहे. गंगाराम सरकारी पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला हात लावल्याबद्दल त्यांना इतर नोकरांनी बेदम मारले. महाराज परगावी होते; परत आल्यावर गंगारामांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, हे झाले राजाचे काम. परंतु पुढे त्यांनी केले ते महत्त्वाचे. त्यांनी गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला सांगितले आणि त्यासाठी मदत केली. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचे चहाचे हॉटेल निघाले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज आपली गाडी दुकानासमोर थांबवीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत. राजाने प्यालेला चहा नको म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

श्रोतेहो, या गोष्टीत आपण सहसा चहाकडे पाहतो. आम्ही म्हणतो, नोकरीतून मोकळे केले, याकडे पाहा. चांगली नोकरी देणे महाराजांना सोपे होते. पण नोकर शेवटी नोकरच. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस मात्र स्वतःच्या वेळेचा आणि हाताचा धनी असतो. महार वतनाच्या हुकमात जे तत्त्व आहे तेच या चहाच्या दुकानात आहे. महाराजांच्या निधनानंतर त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो कोणा सरदाराने नव्हे, तर याच गंगारामांनी आणि त्यांच्या बांधवांनी.

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉ. आंबेडकर. महाराज तेथे गेले, बोलले, आणि यापुढे तुमचा पुढारी हा आहे, राजा नव्हे, अशा अर्थाचे सांगून आले. पुढाऱ्याचा शोध लोकांनी आपल्यातच घ्यावा, असे सांगणारा राजा विरळा. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचेही झाले नव्हते.

हुकमाने सगळे बदलले असे समजू नये. हुकूम काढणारा कोल्हापुरात आणि बजावणारा गावच्या चावडीवर. दोघांच्या मनात अंतर होते. पुष्कळ गावी पाटलाची हाक पुढेही चालू राहिली. बलुते बंद झाले तर खायचे काय, ही महारवाड्याची धास्तीही खोटी नव्हती. परंतु फरक एवढा पडला की, पूर्वी हाक हा हक्क होता. आता तो गुन्हा झाला. पुढे आपल्या राज्यघटनेने तेविसाव्या अनुच्छेदात वेठबिगारीला मनाई केली. त्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मजकुरातही आपल्याकडचा ‘बेगार’ हाच शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. इंग्रजीला त्यासाठी शब्द सापडला नाही. आणि १९७६ साली कर्जापोटी माणूस बांधून घेण्याच्या पद्धतीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला.

घराचे काय करावे?

बावड्याचे घर आता शासनाच्या देखरेखीखाली आहे. त्याची डागडुजी झाली आहे. जयंतीला तेथे हार पडतात, भाषणे होतात. हे योग्यच आहे. पण तेथे जाणाऱ्या मुलाला काय दिसावे? तलवार आणि मंदील नव्या राजवाड्यात पाहायला मिळतातच. आम्हाला वाटते, येथे १९१८ चा तो वतनाचा हुकूम मोठ्या अक्षरांत लावावा. हजेरीचे पुस्तक कसे असे ते दाखवावे. आणि एका कोपऱ्यात अंमलदाराच्या सामानाचे ओझे ठेवून मुलाला ते उचलून पाहायला सांगावे. चार पावले चालल्यावर त्याला जे कळेल ते आमच्या तासाभराच्या भाषणाने कळणार नाही.

आणि दारातून बाहेर पडताना त्याने रस्त्याकडेही पाहावे. गळिताच्या हंगामात आमच्या जिल्ह्याच्या रस्त्यांवरून रात्रभर उसाच्या गाड्या जातात. तो ऊस तोडणारी माणसे दूरच्या कोरडवाहू मुलखातून आलेली असतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव हत्याराला नव्हे, हत्याराचे नाव माणसांना! निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. ही वेठच आहे असा निकाल आम्ही येथे बसून देत नाही. मजुरी ठरलेली असते, करार असतो, सगळीकडे सारखी स्थितीही नाही. परंतु महाराजांच्या हुकमांनी आपल्या हाती एक कसोटी दिली आहे, ती लावून पाहायला काय हरकत आहे? कसोटी सोपी आहे : या माणसाला उद्या सकाळी नाही म्हणता येईल काय? अंगात ताप असताना, बाळंतपण जवळ आले असताना, पोराची शाळा चुकत असताना, त्याला किंवा तिला काम नाकारता येईल काय? येत असेल तर ती मजुरी. येत नसेल तर नाव काहीही ठेवा.

हीच कसोटी आपापल्या घरीही लावता येईल. आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईचा कप वेगळा आहे काय, तिला सुट्टी मागता येते काय, हे ज्याचे त्याने पाहावे. त्यासाठी राजा असण्याची गरज नाही.

पुढच्या वेळी पाहुणा आला की अंबाबाई, रंकाळा आणि राजवाडा जरूर दाखवा. मग त्याला अर्धा तास बावड्याच्या वाटेवर न्या. त्या घराच्या दारात उभे राहून त्याला एवढेच सांगा की, जहागीरदाराच्या या घरात एक मूल जन्मले, आणि मोठेपणी त्याने हजारो घरांच्या दारावरची हाक बंद केली.